उभ्या उभ्या पडलेली गाडी

नालासोपाऱ्याजवळच्या गास गावच्या गॅब्रिएल मिस्त्रीला बाबू चुरी बावीस वर्षं ओळखत होता. निदान बाबूची तशी समजूत होती. मिस्त्रीला माती देऊन लोक दफनभूमीच्या फाटकाबाहेर आले, चपला झटकत उभे राहिले, आणि मिस्त्रीच्या शेजारी राहणाऱ्या हिलरीने बोलता बोलता सांगून टाकलं की गॅबीला मोटारसायकल चालवता येत नव्हती.

"म्हणजे हल्ली?" बाबूने विचारलं. "वयामुळे?"

"हल्ली कसली? कधीच नाही. तरुणपणी तीनदा लायसन्स काढायला गेला आणि तीनदा तो इंग्रजी आठचा आकडा काढताना पडला. चौथ्यांदा निघाला तेव्हा बापाने सायकल आणून दिली. तुला माहीत नव्हतं?"

"नाही."

"आख्ख्या गासला माहीत आहे," हिलरी म्हणाला, आणि बाबू चुकून भलत्याच्याच मयताला आला असावा अशा नजरेने त्याच्याकडे बघत राहिला.

घरी येऊन बाबूने हिशेब मांडायचा प्रयत्न केला, की मग आपल्याला ह्या माणसाबद्दल ठाऊक तरी काय होतं? गॅब्रिएलच्या डोक्यावर मधोमध बशीएवढं टक्कल होतं, हे ठाऊक होतं. कारण तो कायम गाडीपाशी उकिडवा बसलेला आणि बाबू कायम उभा, त्यामुळे बावीस वर्षांत मिस्त्री त्याला मुख्यतः वरूनच दिसला. त्याच्या बायकोचं नाव रिटा, मुलगा जेसन आखातात. जेसन तिथे नेमकं काय करतो ते बाबूने दोनदा विचारलं होतं आणि दोन्ही वेळा उत्तर ऐकायच्या आत गाडीचा विषय निघाला होता. भावंडं किती, आईबाप कधी गेले, शनिवारी संध्याकाळी दुकान बंद करून जायचा कुठे, काही माहीत नाही. एवढ्या भांडवलावर कोणाबद्दल चार शब्द सांगू नयेत. पण एका दिवसाची हकिकत बाबूकडे आहे, आणि तीही मिस्त्रीच्या थोरवीपेक्षा बाबूच्या फजितीची जास्त. दुसरी नाही, म्हणून हीच.

गॅब्रिएलचं गॅरेज गासच्या रस्त्याला एका चिंचेखाली होतं. वर पत्रा, तीन बाजूंना पत्रा, चौथ्या बाजूला हिलरी. हिलरी निवृत्त झाल्यापासून एका जुन्या टायरवर बसून पेपर वाचायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या भानगडीत मत द्यायचा. इंजिनाचं काम मिस्त्री करायचा, पण तोंड वाकडं करून. त्याचा जीव रमायचा तो पडलेल्या गाडीत.

गाडी जरा कलंडली तरी एक गंमत होते. हँडलचं टोक जमिनीवर आपटतं आणि चाक एकीकडे बघतं, हँडल दुसरीकडे. मालक उचलून बसतो तर चाक गासकडे आणि हँडल नालासोपाऱ्याकडे. त्याला वाटतं, हँडल वाकलं. मग तो कुठल्याशा मिस्त्रीकडे जातो, तो मिस्त्री हँडलमध्ये लोखंडी पाइप घालून ओढतो, आणि इतका वेळ जे वाकलेलं नव्हतं ते आता खरोखर वाकतं. गॅब्रिएलचं म्हणणं असं की शंभरातल्या नव्वद वेळा हँडलला काही झालेलंच नसतं. पुढच्या चाकाचे दोन पाय, म्हणजे शॉकअप, ज्या पकडीत बसवलेले असतात तिला गॅरेजवाले टी म्हणतात. त्या टीमध्ये ते पाय किंचित फिरतात. तिथले बोल्ट सैल करायचे, चाक घट्ट धरायचं, हँडल उलट बाजूला एक झटका द्यायचा, पाय सरळ झाले का बघायचं आणि वरून खाली एकेक बोल्ट आवळत यायचं. एवढंच. पण ह्या एवढ्याशा कामाचा मिस्त्रीने सोहळा करून ठेवला होता.

आलेल्या माणसाला पहिला प्रश्न असायचा, "कुत्रा, वाळू की ऑइल?" कारण पडलेला प्रत्येक माणूस ह्या तिघांपैकी एकावर आळ घेऊनच येत असे. गास, उमराळे आणि नालासोपारा मिळून जेवढे कुत्रे नसतील तेवढे गॅब्रिएलच्या गॅरेजात आडवे आले होते. आपल्या चुकीने पडलेला मनुष्य त्याला उभ्या आयुष्यात भेटला नव्हता.

त्यानंतर चाक धरायचं काम मालकाचं. पुढे उभं राहायचं, वाकायचं, चाक दोन गुडघ्यांत आवळायचं आणि मिस्त्री हुकूम देईपर्यंत सोडायचं नाही. "गाडी ज्याची, गुडघे त्याचे," तो म्हणायचा. त्याने एकदा एका फौजदाराला वर्दीसकट पंधरा मिनिटं तसं वाकवून ठेवलं होतं आणि मधेच चहा प्यायला बसला होता. शॉकअपचे पाय सरळ झाले का हे बघायला त्याच्याकडे एक काच होती. दोन्ही पायांवर ती आडवी टेकवायची. चारही कोपरे बसले तर सरळ. एखादा कोपरा टकटक वाजला तर अजून पीळ आहे. काच त्याच्या आयटीआयच्या प्रमाणपत्राच्या चौकटीतली. चौकट अजून भिंतीवर होती आणि आतलं प्रमाणपत्र उघड्यावर पडल्याने कसरीने खालून खात खात गॅब्रिएलच्या आडनावापर्यंत आणलं होतं.

सगळं झालं की शेवटी राउंड. रस्त्याच्या कडेच्या पुढच्या क्रूसापर्यंत जायचं आणि परत यायचं. तोही मालकानेच. मिस्त्री कधी गाडीवर बसला नाही. "गाडी तुझी, चूक तुझी, राउंड तुझा." बाबूला हे तत्त्व फार थोर वाटायचं. नालासोपाऱ्याच्या ज्या शाळेत तो प्रयोगशाळेत मदतनीस होता तिथल्या दोन शिक्षकांना त्याने ते ऐकवलंही होतं. त्यातल्या एकाने ते स्वतःच्या नावावर निरोप समारंभाच्या भाषणात घातलं.

ह्या मदतनिसाला मिस्त्री पहिल्या दिवसापासून 'मास्तर' म्हणायचा. बाबूने एकदा दुरुस्त केलं. मिस्त्री म्हणाला, "असू दे, फुकट बढती मिळतेय."

बाबूचं मूळ घर गासचं. वडिलांची पानवेलीची आणि केळीची वाडी होती. तिचे तुकडे होत होत बाबूच्या वाट्याला पाच गुंठे, एक विहीर आणि चुलतभावांचं अबोला धरलेलं तोंड एवढं उरलं. राहायला तो बोळिंजला, मुलगा केयूरच्या फ्लॅटमध्ये, सातव्या मजल्यावर. तिथे माती कुंडीतली, आणि कुंडीतून पाणी गळलं की सहाव्या मजल्याची तक्रार. म्हणून रोज सकाळी तो आपली शंभर सीसीची जुनी मोटारसायकल काढून वाडीला जायचा, केळीत आणि अळूत दोन तास घालवायचा आणि माणसात येऊन परत फिरायचा.

वर्षभरात गाडी दोनदा पडली होती. दुसऱ्या वेळी केयूरने जेवताना शांतपणे सांगितलं, "पप्पा, आता तिसऱ्यांदा पडली की चावी माझ्याकडे. गाडी विकून टाकू. वाडीला काय, महिन्यातून एकदा मी कारने नेत जाईन."

महिन्यातून एकदा! एकाहत्तर वर्षांच्या बाबूने वाद घातला नाही. वाद घालायची त्याला सवयच नव्हती. महिन्यातून एकदा माणूस कुलदैवताला जातो. केळीला महिन्यातून एकदा गेलं तर घड कावळे आणि चुलतभाऊ वाटून घेतात.

आणि एका बुधवारी सकाळी ती तिसऱ्यांदा पडली. तीही रस्त्यावर नाही, सोसायटीच्या पार्किंगमध्ये. डबल स्टँडवरून काढताना भार डाव्या पायावर आला, डावा गुडघा नाही म्हणाला, आणि गाडी खाली निघाली. इतकी सावकाश निघाली की बाबूला तिच्याबरोबर विचार करत करत खाली जायला वेळ मिळाला. लागलं काही नाही. वॉचमन नथू धावत आला, दोघांनी गाडी उभी केली. हँडल आउट झालं होतं.

"साहेब, मी चाक पकडतो, तुम्ही हँडल ओढा," नथू म्हणाला.

नथूने चाक पायांत दाबलं, बाबूने हँडल ओढलं, आणि काय आश्चर्य, सरळ झालं. दोघं एकमेकांकडे बघून हसले. हात सोडले तसं ते पुन्हा होतं तिथे जाऊन बसलं. बोल्ट सैल केल्याशिवाय काही होत नाही हे बाबूने गॅब्रिएलकडे एकोणीस वर्षं बघितलं होतं. पण पडलेल्या माणसाला ते आठवत नाही.

केयूर बुधवारी घरूनच काम करायचा. तो सातव्या मजल्यावर कानाला हेडफोन लावून बसलेला असतानाच बाबू निघाला. हँडल नाकासमोर धरलं की गाडी नथूच्या केबिनकडे जायची, म्हणून सगळा रस्ता तो कोणावर तरी रुसल्यासारखा तिरका बसून गासला पोचला.

"कुत्रा, वाळू की ऑइल?" गॅब्रिएलने डोकं वर न करता विचारलं.

"कुत्रा."

"रंग?"

"काळा."

"नर की मादी?"

"मादी असणार," टायरवरून हिलरी म्हणाला. "मास्तर बघत राहिला असेल."

गॅब्रिएल उठला, गाडीभोवती एक फेरी मारून परत उकिडवा बसला आणि लेग गार्डवर बोट फिरवलं. "हे बघ हिलरी. चालती गाडी पडली की घासत जाते. लांब ओरखडे येतात. इथे एक गोल चट्टा आहे फक्त. ही पडलेली नाही, ही बसलीय. म्हैस बसते तशी." मग बाबूकडे वळून, "कुत्रा काय करत होता? झोपला होता?"

बाबूने इकडे-तिकडे बघितलं आणि सांगून टाकलं. पार्किंग, डबल स्टँड, गुडघा. आणि आवाज खाली आणून, "केयूरला कळलं तर चावी गेली समज. गाडी गेली म्हणजे वाडी गेली. तो इथे तुझ्याकडे स्कूटर आणतो ना? विचारलंच कधी, तर सांग हवा भरायला आणली होती."

"हवा भरायला टीचे बोल्ट सोडले म्हणून सांगू?"

"गॅब्रिएल, मस्करी नको रे. तेवढं एक सांभाळ."

मिस्त्री हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. त्याने पाना घेतला, चाकाच्या आसाचा नट सैल केला, मडगार्डचे बोल्ट सैल केले, टीचे केले आणि म्हणाला, "ये. धर चाक."

बाबू पुढे जाऊन वाकला. चाक गुडघ्यांत घेतलं. मिस्त्रीने हँडलला झटका दिला आणि चाक बाबूच्या पायांतून सुळकन निसटलं.

"आवळून धर."

बाबूने दात-ओठ खाऊन धरलं. पुन्हा निसटलं. तिसऱ्यांदा चाक गेलंच, वर बाबूही त्याच्यामागे अर्धा गेला आणि हेडलाइटला मिठी मारून थांबला. हिलरीने पेपर खाली ठेवला. असा प्रसंग तो फुकट घालवणाऱ्यातला नव्हता.

"हिलरी," गॅब्रिएल म्हणाला, "जा, रिटाला तीन चहा सांग."

"फोन कर की."

"चालत जाऊन सांग."

हिलरी नाखुशीने उठून गेला. मिस्त्रीने पत्र्यामागे हात घालून दोन जाड फळ्या आणि सुंभाची दोरी काढली. फळ्यांमध्ये चाक घातलं, दोरी आवळली, फळ्यांची टोकं चिंचेच्या बुंध्याला टेकवली. चाक जागचं हललं नाही.

बाबू बघत राहिला. "ह्या फळ्या कधी केल्यास?"

"दुकान काढलं तेव्हा."

"मग लोकांना गुडघ्यात कशाला धरायला लावतोस?"

"दहा मिनिटं वाकून उभा राहिला की पुढच्या वेळी जरा बघून चालवतो."

म्हणजे एकोणीस वर्षं, फौजदारासकट! बाबूला हसावं की रागवावं कळेना. मिस्त्रीने काच आणली, शॉकअपच्या दोन पायांवर आडवी ठेवली. टक टक. हँडलला थोडं इकडे. टक. पुन्हा थोडं. मग काचेवर चारही कोपऱ्यांना बोट दाबून बघितलं, आवाज नाही. पुढचा ब्रेक धरून गाडी आठ-दहा वेळा खालीवर दाबली, पाय आपापल्या जागी बसू दिले आणि वरून बोल्ट आवळायला घेतले. बाबूच्या गुडघ्यांबद्दल तो एक अक्षर बोलला नाही. ज्या माणसाने फौजदाराच्या पोटावर तीन वेगवेगळे विनोद केले होते, तो गप्प बसला म्हटल्यावर बाबूला आपली अवस्था किती वाईट आहे ते नीट कळलं.

चहा आला, चहाबरोबर हिलरी आला आणि दोघांच्या मागोमाग केयूरची स्कूटर आली.

केयूरने हेल्मेट काढलं. बापाकडे त्याने बघितलंही नाही. "अंकल, पप्पांच्या गाडीला काय झालं?"

"हवा..." बाबूने सुरुवात केली.

"पडली," गॅब्रिएल म्हणाला.

"कुठे?"

"पार्किंगमध्ये. उभी होती. स्टँडवरून काढताना डाव्या अंगावर गेली. शॉकअप फिरले होते, बसवले."

बाबूच्या हातातला चहा तसाच राहिला. एकोणीस वर्षांत मिस्त्रीला दिलेले केळीचे सगळे घड त्याने त्या क्षणी मनातल्या मनात परत घेतले. दुसऱ्याच्या खोटेपणावर हसणारा माणूस, त्याला एक खोटं बोलायला जड जावं?

केयूरने खिशातून मोबाइल काढून सगळ्यांसमोर धरला. पार्किंगमध्ये कॅमेरा होता. सेक्रेटरीने ती चित्रफीत सोसायटीच्या ग्रुपवर टाकली होती. वर लिहिलं होतं, 'ज्येष्ठांनी काळजी घ्यावी, सहकार्य अपेक्षित.' खाली एकेचाळीस लोकांनी हात जोडले होते. चित्रात बाबू आणि गाडी एकमेकांना धरून खाली बसत होती. हिलरीने ते दोनदा बघितलं आणि म्हणाला, "काळा कुत्रा दिसत नाही कुठे."

"पप्पा, चावी," केयूर म्हणाला. हात पुढे केला. आवाज चढवला नाही, हेच वाईट होतं. "मी काय तुमचा दुश्मन आहे का? आज पार्किंगमध्ये पडलात. उद्या रस्त्यावर पडाल, मागून टँकर येत असेल. मी काय करायचं?"

बाबूने खिशात हात घातला.

"थांब," गॅब्रिएल म्हणाला. "राउंड झाल्याशिवाय गाडी इथून जात नाही."

"मग तुम्ही मारा ना राउंड," केयूर म्हणाला. "तुम्हीच चालवून सांगा अंकल, ही गाडी ह्यांच्या हातात द्यायच्या लायकीची आहे का."

गॅब्रिएलने फडक्याला हात पुसायला घेतले. हात पुसून झाले तरी तो पुसतच राहिला. हिलरीने मान वर करून चिंचा मोजायला सुरुवात केली. चिंचेचा हंगाम नव्हता.

"मी चालवून काय कळणार?" मिस्त्री शेवटी म्हणाला. "माझ्या हातात कुठलीही गाडी सारखीच जाते."

हिलरीला जोराचा खोकला आला.

"गाडी तुझ्या बापाची," मिस्त्री पुढे म्हणाला, "राउंड त्याचा. बस मास्तर. क्रूसापर्यंत आणि परत."

त्या वेळी बाबूला वाटलं, मघाच्या विश्वासघाताची ही भरपाई. आपल्यावर केवढा भरवसा टाकला ह्याने. आता काय वाटतं ते सोडून देऊ.

मिस्त्रीने गाडी स्टँडवरून काढून धरली, बाबू बसला, निघाला. हँडल नाकासमोर, चाक नाकासमोर. तिरकं बसायची सवय लागलेली कंबरसुद्धा सरळ झाली. क्रूसाला वळसा घालून, समोरून येणाऱ्या कोथिंबिरीच्या टेम्पोला जागा देऊन, एका जिवंत कुत्र्याला चुकवून तो परत आला. केयूर हाताची घडी घालून बघत होता. आला, ब्रेक दाबला, डावा पाय टेकवला, आणि तो पाय लटपटायला लागला. गाडी कलली. पण गॅब्रिएल टायर बघायच्या निमित्ताने आधीच डाव्या बाजूला येऊन उकिडवा बसला होता. त्याचा हात लेग गार्डवर होता. गाडी कलली तेवढीच राहिली.

"बघितलंस?" तो खालूनच केयूरला म्हणाला. "चालवता येतं त्याला. थांबता येत नाही."

"मी तेच तर सांगतोय!"

"तू सांगतोस चालवू नये. ते वेगळं. ऐक. गाडी इथे राहील, ह्या झाडाखाली. चावी माझ्या खिळ्याला. ह्याने बोळिंजहून रिक्षाने यायचं. इथून वाडी पाऊण किलोमीटर, गावातला रस्ता, टँकर-बिंकर काही नाही. निघताना मी काढून देईन, आला की मी धरीन. चालवायचं काम त्याचं, थांबायचं माझं."

"आणि तिकडे वाडीत कोण धरणार?"

"विहिरीला दगडी जोतं आहे, वीतभर उंच. डावा पाय त्याच्यावर ठेवायचा. उद्या मी बरोबर जाऊन दाखवतो."

"मागे बसून?" हिलरीने विचारलं.

"सायकलवर," मिस्त्रीने त्याच्याकडे न बघता सांगितलं.

केयूरने मोबाइल खिशात टाकला. "अंकल, व्हिडिओ मी घरून निघायच्या आधीच बघितला होता. तुम्ही काय सांगता तेच बघायला आलो होतो."

"मग बघितलंस ना?"

"बघितलं." त्याने हेल्मेट उचललं. "ठीक आहे. पण पडले की मला लगेच फोन करायचा."

"तुझ्या बापाला पडायला वेळ लागतो," मिस्त्री म्हणाला. "फोन आधी येईल."

असं ठरलं आणि अडीच वर्षं तसंच चाललं. पाऊण किलोमीटर माणूस चालतही जाऊ शकतो, हे त्या दिवशी चौघांपैकी कोणालाच सुचलं नाही. सुचलं असेल तर कोणी बोललं नाही. रोज सकाळी बाबू दोन रिक्षा बदलून गासला उतरायचा, खिळ्यावरची चावी घ्यायचा, आणि मिस्त्री हातातलं काम टाकून, नवरदेवाला घोड्यावर चढवावं तसा त्याला गाडीवर बसवायचा. "मास्तर, पोट आत. मास्तर, आरसा तोंड बघायला नाही." भाजीवाल्या बायका थांबून बघायच्या. हसायच्याही. आपल्या पायाला हसतात असं बाबूला वाटायचं. त्या कोणाला हसत होत्या ते बाबू सोडून सगळ्यांना कळत होतं: ज्याला चालवता येत नाही तो, ज्याला थांबता येत नाही त्याला, गाडीच्या सूचना देत होता.

बाबूने एकदा मोठ्या मनाने म्हटलं होतं, "आज तू चालव, मी मागे बसतो. केळी बघून येऊ." मिस्त्री म्हणाला, "कामं पडलीत." दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हाही कामं पडली होती. बाबूला तो तोरा वाटला. रागाने त्याने दोन दिवस मिस्त्रीला केळी दिली नाहीत, आणि मिस्त्रीने ती मागितलीही नाहीत. फक्त गाडी काढून देताना दोन दिवस एकही टोमणा मारला नाही. तिसऱ्या दिवशी बाबूनेच घड आणून ठेवला.

गुडघ्यांबद्दल तो शेवटपर्यंत काही बोलला नाही. बाबूनेही त्याला कधी विचारलं नाही की तू केयूरला खरं का सांगितलंस. विचारलं असतं तर मिस्त्रीने कुत्र्याचा रंग विचारला असता.

गाडी अजून त्या चिंचेखालीच आहे. रिटाबाय म्हणाली, असू दे, कोणाला अडचण नाही. बाबू तिथे उतरतो, एकदा गाडीकडे बघतो आणि वाडीला चालत जातो. पंधरा मिनिटं लागतात.

मिस्त्री गेला शुक्रवारी. गुरुवारी बाबू नेहमीसारखा नवाच्या सुमाराला वाडीतून परत आला होता. मिस्त्रीने डाव्या बाजूने गाडी धरली, बाबू उतरला, पिशवीतून केळ्यांची एक फणी काढून बाकावर ठेवली.

"ही पण हिरवीच," गॅब्रिएल म्हणाला. "मागच्या खेपेला रिटाने भाजी केली."

"दोन दिवस ठेव, पिकतील."

"बरं. चावी लाव खिळ्याला आणि पळ, रिक्षावाला बोंबलतोय."

"लावली. येतो."

"ये."